नदीपलीकडची पेशी

रजेगावच्या पुलावर बस हळू होते. खाली बाघ नदी दोन्ही काठ घासत चाललीय, पाण्याला चहाचा रंग. पूल संपला की मध्य प्रदेश. फरक दिसतो तो पाट्यांवर: मागे 'जिल्हा परिषद' होती, पुढे 'जिला पंचायत' आहे. बाकी बांध्या त्याच, बांध्यांतलं पाणी तेच, आणि कमरेत वाकून रोवणी करणाऱ्या बायांच्या रांगाही त्याच. पाठीवरून कुणाचं राज्य ओळखू येत नाही.

पुढच्या सीटवर तिशीतला एक तरुण बसलाय. मांडीवर बटणाची प्लॅस्टिक फाइल, हातात मोबाइल. दर पाच मिनिटांनी वेळ बघतो.

"साडेदहाले पोचते का बस?"

"पोचते न जी," कंडक्टर सुटे पैसे मोजत म्हणतो. "पेशी हाय का?"

तरुण नुसती मान हलवतो. कंडक्टर पुढं काही विचारत नाही. या रस्त्यावर फाइल मांडीवर घेऊन बसणारा माणूस कुठं चाललाय हे त्याला सांगावं लागत नसावं.

बालाघाटच्या काली पुतली चौकात उतरून मी कोर्टाच्या आवाराकडं चालू लागते. माझी एक वर्गमैत्रीण इथं वकिली करते. ती मूळची भंडारा जिल्ह्यातली. लग्न होऊन नदी ओलांडली आणि इथलीच झाली. महिनाभरापूर्वी फोनवर म्हणाली होती, "ट्रान्सफरच्या अर्जावर कागदातून लिहू नकोस. एक दिवस येऊन बस माझ्या टेबलाजवळ."

तिचं टेबल म्हणजे पत्र्याच्या शेडखाली एक जुनं लाकडी मेज, दोन बाक आणि साखळीनं मेजाच्या पायाला बांधलेली लोखंडी पेटी. पत्र्यावर पाऊस वाजतोय. शेजारी टायपिंगवाला, त्याच्या पलीकडं स्टॅम्पवाला, कोपऱ्यात पोह्यांची गाडी. समोरच्या इमारतीवर पाटी आहे: 'कुटुम्ब न्यायालय'. नागपुरात याच पाटीवर अनुस्वार असतो, इथं म जोडून लिहितात. मैत्रीण म्हणते, "हसू नकोस. या अनुस्वारापासून त्या 'म'पर्यंत फाइल न्यायची तर दिल्लीला जावं लागतं."

बाकावर एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची मुलगी बसलीय. त्यांच्या मांडीवर नातू झोपलाय, चार वर्षांचा असेल. हातात अर्धं बिस्किट, तोंड उघडं. मुलीच्या पिशवीतून कागदांचं बंडल डोकावतंय. यांची नावं, गावं मी लिहिणार नाही. एक तर त्यांनी सांगितलंय म्हणून. दुसरं म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ अशा खटल्यातला मजकूर छापायला मनाई करतं. मोडलं तर दंड किती, तर १,००० रुपयांपर्यंत. रक्कम १९५५ सालच्या कायद्याला शोभेलशी आहे, पण मनाई मला पटते.

गोष्ट साधी आहे. मुलीचं माहेर बालाघाट जिल्ह्यातलं, सासर नागपूरचं. पटलं नाही. दोन वर्षांपासून ती माहेरी आहे, ब्लाउज-फ्रॉक शिवते. नवऱ्यानं नागपूरच्या कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज टाकला. तो टाकू शकतो: शेवटचा संसार जिथं झाला तिथलं कोर्ट चालतं. हिनं बालाघाटच्या कुटुंब न्यायालयात खावटीचा अर्ज टाकला. तीही टाकू शकते: खावटी बायको राहते तिथं मागता येते. खावटीचं जुनं कलम १२५ आता १४४ झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून एकशे पंचवीसच. तर एका लग्नाच्या दोन फायली, दोन राज्यांत. महिन्यातून एकदा ही बाप-लेक नदी ओलांडून तिकडं जातात, एकदा तो नदी ओलांडून इकडं येतो. आज त्याची पाळी आहे.

मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बघते. बटणाची फाइल घेतलेला बसमधला तरुण भिंतीला टेकून उभा आहे.

"सात पेशा झाल्या जी नागपूरच्या," म्हातारेबाबा सांगतात. "पहाटे चारले उठा, गोंदिया गाठा, मंग गाडी. परत येता येता रात होते. एक डाव शेवटची बस गेली निघून, गोंदियाले प्लॅटफारमावरच झोपलो आमी तिघं. एकटी कशी धाडू हिले? अन आता रोवणी हाय. मजूर लावून आलो, पर बांधीवर मालक नसला का मजूर मजूरच ऱ्हायते."

"बाबूजी, होते रोवणी," मुलगी हळूच म्हणते. हे वाक्य तिनं सकाळपासून किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे.

मैत्रीण पेटीतून एक फाइल काढते आणि मला समजावू लागते. तिची बोटं मेजावर नकाशा काढतात. एका राज्यातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्यात खटला हलवायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २४. अर्ज उच्च न्यायालयात. नागपूर ते भंडारा, नागपूर ते गोंदिया, सगळं नागपूर खंडपीठात भागतं. "हिचं माहेर बिरसोल्याला असतं ना, तर मी हिला नागपूरच्या वकिलाकडं पाठवून मोकळी झाले असते." पण राज्याची हद्द मध्ये आली की कलम २५. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा.

"जबलपूरला नाही का होत? मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय—"

"झालं होतं एकदा." तिचे डोळे चमकतात, वकिलांचे अशा वेळी चमकतात तसे. प्रकरण याच दोन राज्यांमधलं. नवऱ्याचा अर्ज उज्जैनला, बायको नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावची. तिनं मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडं दाद मागितली आणि त्यांनी खटला मालेगावला पाठवला. संहितेच्या कलम २३ मध्ये तशी एक फट दिसत होती. नवरा दिल्लीला गेला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती फट बुजवली: उच्च न्यायालय आपल्या हद्दीबाहेर खटला पाठवू शकत नाही. "तेव्हापासून बालाघाटचं माणूस आणि गोंदियाचं माणूस, मध्ये चाळीसेक किलोमीटर असोत की चार, रस्ता दिल्लीवरूनच."

पाऊस वाढतो. टायपिंगवाला आपल्या मशीनवर प्लॅस्टिक ओढतो.

माझ्या मनात एक हिशेब सुरू होतो. १९५६ पर्यंत नागपूर, भंडारा, बालाघाट एकाच प्रांतात होते आणि सगळ्यांचं उच्च न्यायालय नागपूरलाच होतं, १९३६ पासून. हिंदू विवाह कायदा आला १८ मे १९५५ ला. राज्य पुनर्रचना झाली १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे जेमतेम दीड वर्ष असं होतं की बालाघाटच्या लेकीला या कायद्याखालचा खटला नागपूरहून माहेरी आणायचा असता, तर नागपूरच्याच उच्च न्यायालयात अर्ज करून भागलं असतं. त्या दीड वर्षात कुणी केला असेल असं वाटत नाही. तेव्हा घटस्फोट शब्दानंच घरातले दिवे मंद व्हायचे. पुढं विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय जबलपूरला बसलं आणि बाघ नदीच्या पाण्यावर एक रेघ आली. सोयरिकींनी ती रेघ मानली नाही. इथल्या भरवेलीच्या खाणीतलं मँगनीज काढणाऱ्या कंपनीचं मुख्यालयसुद्धा अजून नागपुरातच आहे. रेघ मानावी लागते ती लग्न मोडताना.

अकराच्या सुमारास मी चहाला उठते. टपरीवर तो तरुण उभा आहे. ओळख बसमधली, तेवढी पुरते. मी लिहिणारी आहे हे सांगते. तो खांदे उडवतो.

"लिहा न ताई. पन माझंबी लिहा. सगळे तिकडूनच ऐकतेत." हिंगण्याच्या एमआयडीसीत तो मशीनवर आहे. "रजा टाकली का त्या दिवसाचे पैसे गेले. घरी माय एकटी, तिले शुगर हाय. मी पाचच्या गाडीनं निघालो आज. अन आता आयकून राह्यलो का हे लोक दिल्लीले जाऊन राह्यले. म्हंजे मलेबी दिल्लीले वकील लावा लागन?"

"लागेल बहुतेक."

"मोबाइलवर नाही होत का जी हे? सगळी दुनिया मोबाइलवर चालू हाय."

प्रश्न भाबडा नाही. २०१७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं नेमका हाच पेच होता आणि तोही मध्य प्रदेशातला. नवऱ्याचा खटला जबलपूरच्या कुटुंब न्यायालयात, बायकोला तो हैदराबादला हवा होता. न्यायमूर्ती ए. के. गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी म्हटलं की दर वेळी खटले हलवत बसण्यापेक्षा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरा. सहा-सात महिनेच टिकलं ते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दोन विरुद्ध एक मतानं तो निकाल फिरवला. कुटुंब न्यायालयाचं काम समेट घडवण्याचं, तो बंद खोलीत समोरासमोर व्हायचा, पडद्यावर नाही, असं दीपक मिश्रा आणि अजय खानविलकर यांचं म्हणणं. समेटाचे प्रयत्न फसल्यावर आणि दोघांचीही तयारी असेल तरच कॅमेरा. धनंजय चंद्रचूड यांचं मत वेगळं पडलं. पाच वर्षांनी तेच सरन्यायाधीश झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरलं की प्रत्येक पीठानं रोज ट्रान्सफरचे दहा अर्ज आणि जामिनाचे दहा अर्ज आधी घ्यायचे. वैवाहिक वादातले सुमारे ३,००० ट्रान्सफर अर्ज तेव्हा तुंबले होते.

हे सगळं मी त्याला सांगत नाही. इतकंच सांगते, "दोघांनी मिळून मागितलं तर होऊ शकतं."

"दोघांनी मिळून?" तो हसतो, पहिल्यांदाच. "दोघांनी मिळून काही मांगता आलं असतं, तर इथं काऊन आलो असतो जी?"

कप ठेवून तो निघून जातो. मला त्याचा राग येत नाही, याचं थोडं नवल वाटतं. या प्रकरणांत लांबचं कोर्ट हे हत्यार असतं, ते नवरे वापरतात हे मी बरंच ऐकलंय. वापरतातही. पण हत्याराचं दुसरं टोक बायकोच्याही हातात येतं. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही टोकं पाहिलीत. एकेकाळी बाई येते म्हटलं की अर्ज मंजूर व्हायचा. मग एका प्रकरणात न्यायालयानंच म्हटलं की या सवलतीचा गैरफायदा घेतला जातोय, आणि खटला न हलवता नवऱ्याला प्रवासखर्च द्यायला लावला. २०२२ च्या जुलैमध्ये पुन्हा सांगितलं की दोघांची आर्थिक ताकद, राहणी, कोण कुणाच्या आधारानं जगतं हे सगळं पाहा, पण आपल्याकडची परिस्थिती बघता साधारणपणे बायकोची सोय आधी. मला हा शेवटचा सूर बरोबर वाटतो. प्लॅटफॉर्मवर एकटा पुरुष झोपू शकतो.

"पुकार झाली!" कुणीतरी ओरडतं. शिपाई दारात उभा राहून नावं घेतोय. नावांपाठोपाठ 'आवेदिका', 'अनावेदक' हे शब्द येतात. नागपुरात हीच दोन माणसं 'अर्जदार' आणि 'गैरअर्जदार' आहेत, तिथं क्रमही उलटा. म्हातारेबाबा नातवाला खांद्यावर घेतात. मुलगी पदर सावरते, चप्पल नीट करते, जाते. तो दुसऱ्या टोकाकडून येतो. दारात दोघं एकाच वेळी पोचतात. तो अर्धं पाऊल मागं होतो, ती आत जाते, मग तो. दार लोटलं जातं.

आत काय होतं ते मला दिसत नाही, दिसूही नये. मी दाराबाहेरच्या फळ्यावरची आजची यादी वाचत राहते. शेजारी एक बाई भिंतीला टेकून डबा उघडते, भाजी-पोळी काढते, माझ्याकडं बघून एक पोळी पुढं करते. "कोणाची केस तुमची?" मी म्हणते, माझी नाही. तिला ते पटत नाही. इथं कुणी उगाच बसतं का?

सात मिनिटांत दार उघडतं. पुढची तारीख. साहेबांनी त्याच्याकडं पगाराची पावती मागितलीय, त्यानं आणली नव्हती. तो फाइलचं बटण लावत जिना उतरतो आणि पावसातच चालू लागतो. छत्री नाही त्याच्याकडं. मुलगी त्या दिशेला बघते की पावसाकडं, सांगता येत नाही.

आता दिल्लीचं काम. मैत्रीण टायपिंगवाल्याच्या शेजारी स्टूल ओढते. इंग्रजी कागद तोच बनवतो, डोळ्यांवर जाड काच, बोटांना वेग. ट्रान्सफरचा अर्ज, त्यासोबत शपथपत्र, मुलाचा जन्मदाखला, बालाघाटच्या खावटी-अर्जाची प्रत. तिनं बाबांना आधीच सांगितलंय की दिल्लीच्या वकिलाची फी द्यायची नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे कुणी विचारायचं नाही. इथल्या प्राधिकरणातून कागद सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडं जातील. म्हातारेबाबा तरी दुसऱ्यांदा विचारतात, "एकही रुपया नाही?" त्यांना सगळ्यात जास्त संशय या वाक्याचाच आहे.

"अर्ज टाकला का केस येतेच का मॅडम?" मुलगी विचारते.

"येतेच असं नाही. नोटीस निघेल. बहुतेक नागपूरचं काम तोवर थांबवतील. मग ते दोघांना समझोत्याला बसवतील कदाचित. तिथंच तोडगा निघाला तर तिथंच मोकळं करू शकतात." मैत्रीण माझ्याकडं वळते. "शिल्पा शैलेश म्हणतात तो २०२३ चा मोठा निकाल माहितेय ना? घटनेच्या १४२ खाली सर्वोच्च न्यायालय थेट घटस्फोट देऊ शकतं, सहा महिने थांबायची अट सोडून. पाच न्यायमूर्ती. तो मूळचा एक ट्रान्सफरचा अर्जच होता, २०१४ चा. कोर्ट बदलून मागायला गेले, आणि नऊ वर्षांनी कायदा बदलून आला."

"मले मोकळं नको," मुलगी म्हणते. मग थांबून, "म्हंजे, आत्ताच नको. केस इथं पाह्यजे. बस."

मैत्रीण काही बोलत नाही. टायपिंगवाला विचारतो, "आगे?"

पुढं अडचण आहे. नागपूरच्या अर्जाची प्रत जोडायची, पण ती मराठीत आहे. सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. बालाघाटचे कागद हिंदीत. एका लग्नाला तीन भाषा लागल्या, आणि भांडण झालं ती घरातली बोली तर चौथी, ती कुठल्याच कागदावर नाही. टायपिंगवाल्याला मराठी वाचता येतं, इथं बहुतेकांना येतं. तो बोट ठेवून ओळ मोठ्यानं वाचतो: "'गैरअर्जदार ही क्षुल्लक कारणावरून रुसून माहेरी निघून गेली.'" मान वर करतो. "क्षुल्लक तो ट्रायफ्लिंग हो गया. रुसून? रूठकर. रूठकर का अंग्रेजी क्या लगाऊँ, मॅडम?"

"अँग्री?"

"अँग्री तो गुस्सा हुआ." तो स्वतःच काहीतरी टंकतो. मी वाकून बघते. 'विदाउट एनी रीझन.' पुढची ओळ घ्यायला त्याचं बोट सरकतं.

"हे का लिवलं जी?" मुलगी विचारते.

मैत्रीण अर्थ सांगते. विनाकारण.

"नाही. विनाकारन नाही गेली मी." तिचा आवाज दिवसभरात पहिल्यांदा चढतो, मांडीवरचं पोर हलतं. "त्याईनं लिवलं ते खोटं हाय अर्धं, पन रुसून लिवलं ते खरं हाय. रुसलीच होती मी. पंधरा दिवस रस्ता पाह्यला. रुसलेल्या माणसाले घ्याले येत असतेत. विनाकारन गेली लिवलं, तर कोन कशाले येईन?"

टायपिंगवाला चष्मा वर करतो. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येतो.

"भाषांतर खरंच हवं," मैत्रीण म्हणते, तिच्या वकिली आवाजात, पण सावकाश. "विनाकारण चूक आहे. काढा ते. शब्द तसाच ठेवा इंग्रजी अक्षरांत. विचारलं तर दिल्लीचा वकील सांगेल."

तो मागं जाऊन खोडतो. मग एकेक कळ दाबतो, लहान मुलाला शिकवावं तशी तोंडानं म्हणत: आर, यू, एस, यू, एन. शब्दाखाली लगेच लाल नागमोडी रेघ उमटते. तो रेघेकडं बघतो, वकीलबाईंकडं बघतो, आणि पुढची ओळ वाचायला घेतो.

"किती झेरॉक्स लागन याच्या?" म्हातारेबाबा खिशातली प्लॅस्टिकची पिशवी काढून नोटा मोजू लागतात. "मले दोन वाजताची बस पाह्यजे, मॅडम. बांधीवर बाया थांबल्या असन."